जादा भरलेली नऊ खोकी

तुम्ही विचारलंय की युक्रेनमधल्या एका शाळेसाठी आणि तिथल्या विस्थापितांसाठी व्हॅन भरून तयार आहे, तर कस्टमला द्यायच्या मालाच्या यादीत 'किरकोळ शालेय साहित्य व कपडे' एवढं लिहून चालेल का. वाचून पोटात गोळाच आला. आम्ही अगदी हेच शब्द लिहिले होते. नाही चालणार.

पासपोर्ट, गाडीचा विमा, रात्रीची संचारबंदी हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही. मी कस्टमचा जाणकारही नाही. माझा अनुभव २०२४ च्या फेब्रुवारीतला आहे आणि नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी माल घेणाऱ्याकडून खात्री करून घ्या.

पोलंडमधल्या क्राकूवहून आमच्या चर्चच्या मंडळीची व्हॅन निघाली होती. सरहद्दीवरच्या कोर्चोवा-क्राकोवेट्स नाक्यावरून युक्रेनमधल्या ल्विव्हपर्यंत आम्ही नेणार आणि तिथून खार्किवजवळच्या शाळेपर्यंत ल्विव्हची बाप्तिस्त मंडळी, म्हणजे तिथलं चर्च. १ डिसेंबर २०२३ पासून मदतीच्या मालाची नोंद सरकारी संगणक प्रणालीत करावी लागते. माल घेणारा ती करतो, तिचा एक कोड मिळतो आणि नाक्यावर तो दाखवायचा असतो. ल्विव्हच्या मंडळीतल्या भावांनी आमच्या यादीवरून ६२ खोक्यांची नोंद करून ठेवली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी उपासना संपली आणि लोक पिशव्या घेऊन आले. ब्लँकेटं, बूट, मुलांची जाकिटं. नाही कसं म्हणणार? मदतीचा समन्वय करणाऱ्या एका कार्यालयात मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ हसले, म्हणाले, "दहा-बारा खोकी इकडेतिकडे झाली तर कोण मोजतंय?"

नाक्यावर मोजली हो. ७१ भरली.

मग सगळं उतरवा. थंडीत, रस्त्याच्या कडेला. त्या नऊ जादा खोक्यांपैकी एकात, ब्लँकेटांच्या घडीत, कुणीतरी औषधं कोंबली होती, त्यातल्या काहींची मुदत संपलेली. औषधांचा मामलाच वेगळा, तिथून प्रकरण चिघळलं. १९ तास अडकलो. त्या कार्यालयाला पुन्हा फोन केला तर आधी 'साहेब रजेवर', मग 'आम्ही तोंडी बोललो असू, लेखी कुठे आहे?' अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

नऊ खोकी परत पोलंडच्या बाजूला नेऊन ठेवली आणि पुढे गेलो. पण १९ तास हे काही खरं नुकसान नव्हे. आलेला माल किती, कुठे गेला, कुणाला दिला, याचा हिशोब माल घेणाऱ्याला द्यावा लागतो. आम्ही दोन दिवसांत घरी येऊन गरम चहा प्यायलो. चर्चच्या सभागृहात आयाबाया आणि मुलांच्या झोपायची सोय करणारा तो ल्विव्हचा भाऊ मात्र पुढे तीन आठवडे खुलासे लिहीत बसला. चूक आमची, सही त्याची.

म्हणून माझं मत कडक आहे, आवडलं नाही तरी चालेल. यादी गेली की व्हॅनचं दार बंद. प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने क्रमांक, आत काय, नग किती, वजन किती, आणि तेच सगळं यादीत युक्रेनियनमध्येसुद्धा. उशिरा आलेलं सामान पुढच्या फेरीला. आणणारा रुसेल, रुसू द्या. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे दानधर्माला ठीक. कस्टमच्या नाक्यावर दोन्ही हातांना सगळं पाठ पाहिजे.

शाळेला काय हवंय ते कार्यालयाला विचारू नका, थेट मुख्याध्यापिकेला विचारा. आमच्या बाईंकडे वह्यांचे ढीग पडले होते. हल्ल्याच्या वेळी लपायच्या निवाऱ्यात मावतील तेवढीच मुलं एका वेळी बोलावता येतात, म्हणून तळघरात पाळ्यांनी वर्ग चालायचे. त्यांना हवे होते बाक आणि बॅटरीवरचे दिवे. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून विजेचा भरवसा नाही. जनरेटर नेत असाल तर इंधन कोणतं आणि यंत्राचा क्रमांक काय, हे यादीत लिहा. तो तळघरात चालवायचा नाही, हे तिथे तोंडाने सांगा. धुराने माणसं मरतात.

आणखी एक, यावर आमच्यातच भांडणं झालीत. शाळेच्या खोक्यात धर्मप्रचाराची पत्रकं घालू नका. युक्रेनच्या राज्यघटनेच्या ३५व्या कलमात शाळा चर्चपासून वेगळी ठेवलेली आहे, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. शास्त्र, म्हणजे बायबल, हवं असेल तो चर्चमध्ये येऊन मागतो, मागतातही. दिव्याबरोबर पत्रक दिलं की त्या बाईंना नाही म्हणता येत नाही. वह्या हातात धरलेल्या मुलांचे फोटोही नकोत. आमच्या पाळकांना हे पटायला वर्ष लागलं.

तुमच्या सामानात औषधं आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'नाहीत' असं म्हणण्याआधी ब्लँकेटांच्या घड्या उघडून बघा.