वाचकांचे प्रश्न : व्हेप (ई-सिगारेट) घरी जोडलेला बरा की विकतचा?

प्रश्न : माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याच्या टेबलाच्या खणात मला बोटभर जाडीची एक धातूची नळी, बारीक तारेची वेटोळी, कापूस आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले चार सेल सापडले. विचारल्यावर त्याने काहीच लपवले नाही. "बाहेर मिळणाऱ्या व्हेपमध्ये काय भरलेले असते ते कुणालाच ठाऊक नसते, हा मी स्वतः जोडलेला आहे, यात निकोटिनही नाही, त्यामुळे हा सुरक्षितही आहे आणि कायद्यातही बसतो," असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या वडिलांचे मत असे, की ओढायचेच असेल तर निदान कंपनीचा तरी घे. या दोघांत बरोबर कोण? आणि मी काय करावे?
– एक आई, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, आपल्या मुलाने आपल्यापासून काही लपवले नाही, ही यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याच्याशी बोलताना ती जपा. आता त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या म्हणण्याकडे वळतो. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली असल्याने आधी विजेचा भाग सांगतो. व्हेपमध्ये बॅटरीची वीज तारेचे वेटोळे तापवते, कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते.

आपण वर्णन केलेल्या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून ते नाव पडले. पूर्ण भरलेला असताना तो ४.२ व्होल्ट देतो. या सेलचे संपूर्ण पत्र्याचे अंग हे ऋण टोक असते आणि धन टोकाच्या टोपीभोवतालची कडाही ऋणच असते. धन टोपी आणि हा ऋण भाग यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूने एक कागदी चकती आणि प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन एवढाच आडोसा असतो. लॅपटॉपचा डबा फोडून सेल बाहेर काढताना नेमके हेच वेष्टन सुरीने किंवा पक्कडीने फाटते. माझ्या हातून एकदा असाच एक सेल फाटक्या कडेनिशी पत्र्याच्या तबकात पडला होता. फस्स असा आवाज आला, गोडसर उग्र वास सुटला आणि तबक गॅलरीत नेऊन सेल वाळूच्या बादलीत टाकेपर्यंत तबकाची कड हाताला सोसवेना. माझे तबक निदान उघडे होते. आपल्या मुलाचा सेल बंद धातूच्या नळीत असतो, ती नळी तो तोंडाला लावतो, आणि वायू बाहेर पडायला तिला पुरेशी भोके नसतील तर आतल्या दाबाला एकाच दिशेने वाट मिळते.

दुसरी गोष्ट त्याला त्याच्याच शास्त्राच्या भाषेत सांगा. वेटोळ्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याचे माप, ०.५ ओहम असेल तर ४.२ व्होल्टला सुमारे ८.४ अँपिअर विद्युतधारा वाहते. तोच रोध ०.२ ओहम असेल तर ती २१ अँपिअर होते. हजार वॅटची घरगुती इस्त्री साधारण चार-साडेचार अँपिअर घेते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल. लॅपटॉपचे सेल हळूहळू, थोडी थोडी वीज देण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे सर्किट जुन्या डब्यातच राहून गेलेले असते. आता त्याला एक प्रयोग आपल्यासमोर करायला सांगा. त्याचा नेहमीचा मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून लाल आणि काळी टोके एकमेकांना लावू द्या. पडद्यावर शून्य दिसायला हवे, पण बहुतेक वेळा ०.२ किंवा ०.३ दिसते, कारण तो रोध मीटरच्या वायरींचा स्वतःचाच असतो. म्हणजे ज्या वेटोळ्यावर त्याने ०.५ वाचले, ते खरे तर ०.२ चे असू शकते आणि आठ अँपिअरच्या हिशेबाने बांधलेल्या वस्तूतून एकवीस अँपिअर वाहत असतात. "मी स्वतः जोडलेला आहे" या वाक्यातला विश्वास ज्या मोजमापावर उभा आहे, तेच मोजमाप येथे कच्चे निघते. मुलगा अभियंता होणार आहे, त्याला हे आपल्या रागावण्यापेक्षा लवकर पटेल, असे मला मनापासून वाटते.

या बाबतीत त्याच्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नीट बनवलेल्या कारखानदारी व्हेपमध्ये शॉर्ट सर्किट ओळखणारे, आठ-दहा सेकंदांनंतर वीज आपोआप तोडणारे आणि बॅटरी एका मर्यादेखाली उतरू न देणारे सर्किट असते. अमेरिकेत अशा उपकरणांच्या विद्युत सुरक्षिततेसाठी यूएल ८१३९ हे मानक आहे. युरोपीय संघात द्रवातील निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. परंतु हे सर्व जेथे विक्री कायदेशीर आहे आणि तपासणारे कुणीतरी आहे, तेथले झाले. मुंबईत पानाच्या गादीमागून किंवा ओळखीच्या ओळखीतून जे मिळते, त्याच्या खोक्यावर काहीही छापलेले असले तरी ते खरे आहे असे सांगणारा येथे कुणीही नाही. त्या खोक्यावर अनेकदा दिसणारे 'पाच टक्के' म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन, युरोपातील मर्यादेच्या अडीच पट. त्यातले निकोटिन क्षाराच्या रूपात असल्यामुळे ते घशाला टोचत नाही आणि किती ओढले याचा अंदाज ओढणाऱ्याला येत नाही. म्हणून 'कंपनीचा घे' हा सल्ला लंडनमध्ये ज्या अर्थाने दिला जाईल, त्या अर्थाने मुलुंडमध्ये देताच येत नाही.

द्रवाच्या बाबतीत मात्र दोघेही सारख्याच अंधारात आहेत. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल औषधी प्रतीचे मिळतात, पण सुवासासाठी घरी बनवणारे बहुधा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला केकचा इसेन्स वापरतात. तो पोटात जाण्यासाठी सुरक्षित ठरवलेला असतो, तापवून फुप्फुसात ओढण्यासाठी नव्हे. लोण्याचा स्वाद देणारे डायअसिटिल खाण्यात चालते, परंतु तेच हवेवाटे घेणाऱ्या पॉपकॉर्न कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसांचा कायमचा विकार जडला. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, आणि मृतांची संख्या ६८ होती. त्यामागे मुख्यतः गांजातील टीएचसी असलेल्या द्रवांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट आढळले. त्वचेला लावायला किंवा गोळीतून घ्यायला हा पदार्थ चालतो. तो घातक ठरला तो श्वासावाटे. आपल्या मुलाने कोणता इसेन्स वापरला आहे, तेवढे अवश्य विचारा. त्यात कोणतेही तेल असेल तर ती बाटली आजच फेकून द्यायला लावा.

कायद्याविषयी त्याचा समज चुकीचा आहे. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली, दोन्ही उपकरणे येतात. कायद्याने उत्पादनावर बंदी आहे, आणि त्या उत्पादनाच्या व्याख्येत 'जोडणी' हा शब्द आहे आणि सुट्या भागांचाही उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय एखाद्या जागेचा मालक किंवा ताबा असलेली व्यक्ती तेथे साठा ठेवू देत असेल तर तिच्यासाठी वेगळे कलम आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. मित्रांसाठी चार-पाच जोडून देण्याचा विचार त्याच्या मनात येत असेल, तर घर आपल्या नावावर आहे याची त्याला आठवण करून द्या.

आज एवढे करा. सेल नळीतून बाहेर काढायला सांगा, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ते एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. किल्ल्या किंवा सुटे पैसे असलेल्या खणात ते ठेवू नका. फुगलेला किंवा चेपलेला सेल असेल तर तो वाळूच्या बादलीत, घराबाहेर. आणि मुलाचे हात जोडणीसाठी शिवशिवत असतील, तर तोच मल्टिमीटर आणि तीच सोल्डरगन घेऊन त्याला एखादा बॅटरी-चाचणी यंत्राचा प्रकल्प करू द्या. माझ्या टेबलाशी शिकायला येणाऱ्या मुलांना मी तेच पहिले काम देतो.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून दिवसाला दहा सिगारेटी ओढतो. सोडण्यासाठी दुबईच्या चुलतभावाकडून सीलबंद व्हेप मागवू का? तेथे तो कायदेशीर आहे.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुम्हाला सिगारेट सोडायची आहे, हे फार मोलाचे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सिगारेटमधील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तंबाखू जळल्याने तयार होतात. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे सिगारेट पूर्णपणे सोडून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात ही द्रव्ये कमी जातात, हे खरे आहे. पण आयातीवरही आपल्याकडे बंदी आहे, सामानातून आणलेला व्हेप विमानतळावर जप्त होऊ शकतो, आणि निकोटिनची ओढ त्याने तशीच राहते.

तुमच्यासाठी परवानगी असलेला मार्ग उपलब्ध आहे. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. बहुतेक जण तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चावतात, मग उचकी लागते, मळमळते आणि तो तिसऱ्या दिवशी बंद होतो. तो सावकाश चावायचा, जिभेवर तिखट चव आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असा तो अर्धा तास पुरतो. त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत घेऊ नका, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषले जात नाही. तुमची पहिली सिगारेट जर सकाळच्या कटिंगबरोबर असेल, तर आधी त्या चहाची वेळ बदलावी लागेल. राष्ट्रीय तंबाखू-मुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे आणि तो निःशुल्क आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय या सेवेच्या केंद्रांपैकी एक आहे. फोनवर समुपदेशक तुमच्याबरोबर सोडण्याची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून फोन करतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जिन्यात वापरून टाकलेले रंगीत व्हेप पडलेले असतात. सफाई कामगार ते सुक्या कचऱ्यात टाकतात. हे योग्य आहे का?
– सचिव, गोरेगाव

उत्तर : नाही. 'वापरून फेका' प्रकारच्या व्हेपमध्येही लिथियमचा सेल असतो आणि द्रव संपला तरी तो पूर्ण उतरलेला नसतो. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो, तेथे हा सेल चिरडला तर गाडीतच आग लागू शकते. कामगाराला रबरी हातमोजे द्या, कारण उरलेला द्रव कातडीतून अंगात भिनतो. ते व्हेप झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत कोरड्या वाळूत ठेवा आणि ई-कचरा संकलन केंद्रावर पाठवा. ते उघडून सेल वेगळा काढण्याचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. बरणी लहान मुलांच्या आणि जिन्यातल्या मांजरांच्या आवाक्याबाहेर, मीटरच्या खोलीपासून दूर ठेवा.