माफीपत्रावर सही करू नकोस

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू दोनशे मीटर धावतोस, विद्यापीठ स्पर्धेत घेतलेल्या डोप टेस्टच्या नमुन्यात लिगँड्रॉल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, जिममधून आणलेल्या पावडरवर तुझा संशय आहे आणि ऑफिसमधले साहेब म्हणतायत, "एक माफीपत्र लिहून दे, पोर लहान आहे म्हणून सांभाळून घेतील." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

मी चारशे मीटर धावायचे. माझं नावही डोपिंगमध्ये सापडलेल्यांच्या यादीत लागलं होतं. बंदी भोगून पुन्हा राज्य स्पर्धेत उतरले, आता मुलांना शिकवते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, आणि नियम बदलत असतात. त्यामुळे मी सांगते ते तुझ्या हातातल्या डोपिंगच्या नोटिशीच्या पत्राशी ताडून घे. बी नमुना म्हणजे दुसऱ्या बाटलीची तपासणी, तात्पुरतं निलंबन या गोष्टी त्या पत्रात आहेतच, त्यावर वेळ घालवत नाही. मला फक्त त्या माफीपत्राबद्दल बोलायचंय.

माझ्या नमुन्यात टर्ब्युटॅलिन निघालं होतं, तेही बंदी असलेलं. आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत ते असतं, श्वासनलिका मोकळी करायला. डॉक्टरांनी खोकल्यासाठी लिहून दिलं, मी घेतलं. नमुना देताना जो फॉर्म भरतात, त्यात मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं विचारतात. तिथे मी 'कफ सिरप' असं लिहिलंही होतं. डॉक्टरांची चिठ्ठी होती, अर्धी बाटली हॉस्टेलच्या कपाटात होती. म्हणजे बाजू मांडायला लागतं ते सगळं माझ्याकडे होतं.

पण पत्र माझ्या हातात आलंच नाही. मुली हॉस्टेल बदलत राहतात, म्हणून फॉर्मवर ऑफिसचाच पत्ता आणि ऑफिसचाच ईमेल घालायची तिथली पद्धत होती. ऑफिसचं नाव घेत नाही, कारण अशी ऑफिसं एकाच गावात नसतात. पत्र तिथे टेबलावर पडून राहिलं. साहेब दौऱ्यावर, मग साहेब मीटिंगमध्ये. मुदत संपत आली तेव्हा मला बोलावून घेतलं आणि इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. "फॉरमॅट आहे, सगळे हाच देतात." साहेबांच्या शब्दाबाहेर जायचं नसतं, हे आम्हाला ग्राउंडवर पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. त्या कागदात लिहिलं होतं की माझ्याकडून अजाणतेपणी काहीतरी घेतलं गेलं, नक्की काय ते सांगता येत नाही, झाल्या चुकीबद्दल क्षमा असावी, पुन्हा असं होणार नाही.

खोकल्याच्या औषधाचा त्यात एक शब्दही नव्हता. पुढे सुनावणीत मी चिठ्ठी दाखवली, बाटली दाखवली. तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: पहिल्या उत्तरात तुम्ही म्हणता काय घेतलं ते माहीत नाही, आता सिरप म्हणता, मग खरं काय? त्या क्षणापासून माझं खरं बोलणं नंतर रचलेलं वाटायला लागलं. दोन वर्षं बसली. पहिलं उत्तर नीट गेलं असतं तर शिक्षा नक्की कमी झाली असती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझी बाजू माझ्याच सहीने पाडली गेली, एवढं मात्र सांगते. आणि निकाल लागल्यावर त्याच ऑफिसने सगळ्यांना सांगितलं, "पोरीने लेखी कबुली दिलीय, आम्ही काय करणार?" पत्र त्यांच्याकडे कधी आलं हे कळावं म्हणून आवक नोंदीची प्रत मागितली, तीही दिली नाही. आजही याचा मला संताप येतो.

या साहेब लोकांना तुझं वाईटच करायचं असतं असं नाही. त्यांना प्रकरण आपल्या टेबलावरून उठवायचं असतं. माफी मागितली की फाइल बंद, हा त्यांच्या ऑफिसचा हिशोब. डोपिंगच्या सुनावणीत माफीला वजन नसतं. तिथे दोनच गोष्टी बघतात. पदार्थ शरीरात कसा गेला आणि त्यात तुझा दोष किती. पहिल्याचा पुरावा नसेल तर दुसऱ्यापर्यंत कुणी येतसुद्धा नाही.

तुझं प्रकरण माझ्यापेक्षा अवघड आहे, हेही आधीच समजून घे. टर्ब्युटॅलिन ज्या गटात येतं तिथे हेतू होता हे नाडाला, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेला, सिद्ध करावं लागतं, नाहीतर दोन वर्षांपासून खाली बोलणी सुरू होतात. लिगँड्रॉल हे सार्म्स म्हणतात त्या स्नायू वाढवणाऱ्या द्रव्यांपैकी, तिथे सुरुवातच चार वर्षांपासून होते आणि हेतू नव्हता हे तुला सिद्ध करायचं असतं. दुती चंदचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२२ मधल्या नमुन्यांत सार्म्स सापडले आणि २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी आली.

म्हणून आधी पावडरचा डबा सांभाळ. घरच्यांनी रागाने फेकला असेल तर कुठे फेकला ते बघ. उरलेली पावडर तशीच राहू दे, झाकण लाव, बॅच नंबरचा फोटो काढ. मग त्याच दुकानातून, जमलं तर त्याच बॅचचा एक सीलबंद डबा बिल घेऊन विकत घे आणि तो अजिबात उघडू नकोस. उघड्या डब्यात पदार्थ सापडला तर "नंतर मिसळला असेल" असं म्हणायला जागा राहते, सीलबंद डब्यात सापडला तर तसं म्हणणं अवघड जातं. दूषित उत्पादन सिद्ध झालं आणि तुझा मोठा दोष नाही हे पटलं, तर शिक्षा दोन वर्षांपासून अगदी ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते. पैसे ऑनलाइन दिले असतील तर ती नोंद, दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सअॅप, कुणी घ्यायला सांगितलं त्याचे मेसेज, सगळं जपून ठेव. ट्रेनर ओळखीचा आहे म्हणून त्याला वाचवायला काही पुसू नकोस.

पुराव्याने काय होतं ते बघ. जमैकाचा धावपटू असाफा पॉवेल २०१३ मध्ये ऑक्सिलोफ्रिन या उत्तेजकासाठी पकडला गेला. ते एका सप्लिमेंटमधून आलं होतं आणि लेबलवर त्याचं नाव नव्हतं. अठरा महिन्यांची बंदी लवादाने सहा महिन्यांवर आणली. चारशेचा ऑलिम्पिक विजेता लशॉन मेरिट याच्या नमुन्यात डीएचइए हे बंदी असलेलं संप्रेरक सापडलं, दुकानात सहज मिळणाऱ्या एका उत्पादनातून. त्याच्या बाजूने दुकानातल्या कर्मचाऱ्याची साक्ष झाली. एकवीस महिन्यांवर निभावलं आणि २०१३ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. अमेरिकन धावपटू गिल रॉबर्ट्सची गोष्ट तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. २०१७ मध्ये त्याच्या नमुन्यात प्रोबेनेसिड हे बंदी असलेलं औषध आलं. त्याच्या मैत्रिणीने भारतातल्या औषध दुकानातून आणलेल्या कॅप्सूल घेतल्या होत्या आणि चुंबनातून ते त्याच्या शरीरात गेलं, हे लवादाने मान्य केलं. ऐकायला अशक्य वाटतं, पण कॅप्सूल कुठून आल्या, कधी घेतल्या, कशा घेतल्या हे सगळं सुसंगत मांडलं गेलं म्हणून तो सुटला.

आणि "सरांनी दिलं म्हणून घेतलं" यावर फार विसंबू नकोस. २०११ मध्ये आपल्या रिले संघातल्या मुली मेथँडिएनोन या स्टेरॉइडसाठी अडकल्या, अश्विनी अक्कुंजी त्यांत होती. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगमधून ते आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. इथे एक वर्षाची शिक्षा झाली, पण वरच्या लवादाने ती दोन वर्षांची केली.

आता कबुलीबद्दल. माफीपत्र आणि नियमातली कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत, तुझे साहेब त्यांची सरमिसळ करतायत. चार वर्षांचा आरोप ठेवला असेल, तर आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांत आरोप आणि शिक्षा दोन्ही मान्य केल्यास एक वर्ष कमी होतं. पण ती सवलत घेतली की दुसऱ्या कारणाने आणखी कपात मागता येत नाही. म्हणजे हातात पुरावा असताना घाईने कबूल करणं नुकसानीचं, आणि पुरावा शून्य असताना लढत बसणंही नुकसानीचं. हे क्रीडा प्रकरणं हाताळलेल्या वकिलाला विचारूनच ठरव. गावातले जमिनीच्या केसेसवाले काका कितीही जवळचे असले तरी नकोत. खर्चाची अडचण असेल तर मोफत वकिलाची काही सोय आहे का, हे पत्र पाठवणाऱ्या विभागालाच ईमेलने विचार. आणि तू जाणूनबुजून घेतलं असशील, तर इथे नको, पण वकिलाला स्वच्छ सांग. तसं असलं तरी मी तुला कमी लेखणार नाही. तुझ्या वयाच्या मुलांना कोण काय काय देतं, ते मी रोज बघते.

उत्तर स्वतःच्या ईमेलवरून पाठव. स्वतःच्या शब्दांत, तारीखवार. काय घेतलं, कधीपासून, कुठून, कुणाच्या सांगण्यावरून, घेण्याआधी काय तपासलं. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हण, अंदाज लिहू नकोस. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहून विश्वासातल्या माणसाकडून भाषांतर करून घे आणि प्रत्येक ओळ समजल्याशिवाय सही करू नकोस. ऑफिसला फक्त प्रत पाठव. साहेब नाराज होतील. होऊ देत, तुझी चार वर्षं ते भरून देणार नाहीत.

बंदी बसलीच तर त्या काळाबद्दल थोडं. क्लबसोबत किंवा संघासोबत सराव करता येत नाही. संघासोबत परतायची मुभा शेवटच्या दोन महिन्यांत किंवा शेवटच्या चतुर्थांश काळात मिळते, यातलं जे कमी असेल ते. मी कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर आणि टेकडीच्या चढावर सराव केला. त्यातून ताकद टिकते, पण स्टार्ट आणि वळणावरचा वेग जातो. परत ट्रॅकवर आल्यावर पहिल्या महिन्यात स्पाइक्स घालून पूर्ण वेगाने पळू नकोस, हॅमस्ट्रिंग जाते. गणेशोत्सवात गावातल्या शर्यतीला नाव द्यायचा मोह होईल. ती कुणाच्या मान्यतेने भरते हे लेखी कळल्याशिवाय धावू नकोस. बंदीत भाग घेतलास तर मूळ बंदीइतकीच नवी बंदी पुढे जोडली जाऊ शकते. आणि या काळातही नमुना घ्यायला येऊ शकतात, दार बंद करून बसायचं नाही.

नोकरीचंही बघून ठेव. नमुन्याच्या तारखेनंतरचे निकाल रद्द होऊ शकतात, म्हणजे त्यांची प्रमाणपत्रंही. पाच टक्के क्रीडा आरक्षणातून भरतीचा अर्ज करशील तेव्हा पडताळणीत हे निघतं. आधीची खरी प्रमाणपत्रं तेवढीच जोड.

परत येता येतं का, असं विचारलंयस. येतं. २०११ मध्ये अडकलेल्यांपैकी मनदीप कौर आणि प्रियांका पनवार २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या रिले संघात होत्या. पण प्रियांका नंतर पुन्हा सापडली आणि दुसऱ्या वेळी आठ वर्षं बसली, हेही तुला माहीत असू दे. जमैकाच्या शेली-अॅन फ्रेझर-प्राइसला २०१० मध्ये दातदुखीवर घेतलेल्या गोळीमुळे सहा महिने बाहेर बसावं लागलं, दोन वर्षांनी लंडनला तिने ऑलिम्पिकची शंभर मीटर पुन्हा जिंकली. लोक मात्र बोलतच राहतात. डोपिंगची बंदी भोगून परतलेल्या गॅटलिनने २०१७ मध्ये बोल्टला मागे टाकून जागतिक शंभर मीटर जिंकली तेव्हाही स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. माझ्या परतीच्या हीटमध्ये बाजूच्या लेनमधल्या मुलीच्या सरांनी मला ऐकू जाईल असं बोलून घेतलं. मी टायमिंग दिलं आणि घरी आले. तू त्यांना उत्तरं देत बसू नकोस, यूट्यूबवाल्यांना तर सुनावणी होईपर्यंत एक शब्दही देऊ नकोस. तिथे बोललेलं वाक्य तुझ्या विरोधात वाचून दाखवतील.

जाता जाता बाकीच्या मुलांसाठी. खोकला झाला तर डॉक्टरांना आधी सांगा की मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होते. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे, त्यात औषध तपासा. आणि नमुन्याच्या फॉर्मवर नुसतं 'सिरप' न लिहिता ब्रँडचं पूर्ण नाव लिहा.

तुला पत्र नक्की कोणत्या तारखेला मिळालं आणि उत्तराची मुदत कधी संपते, एवढं मला आजच कळव. नाव आणि नंबर झाकून पत्राचा फोटो टाकलास तरी चालेल. माफीपत्रावर सही करून झाली असेल तर तेही सांग. मग दुसरं, सविस्तर उत्तर ताबडतोब पाठवावं लागेल, आणि पहिलं कुणी टाइप केलं आणि कोणत्या परिस्थितीत सही घेतली हे त्यात लिहावं लागेल.