खेळाडूवर विकिपीडिया लेख लिहायचा आहे, पण निकालांच्या याद्यांपलीकडे काही सापडत नाही. विश्वासार्ह संदर्भ कुठे शोधावेत?

निकालांच्या याद्या टाकून देऊ नका. ऑलिंपीडिया (ऑलिंपिक खेळाडूंची माहिती देणारं संकेतस्थळ) किंवा वर्ल्ड ॲथलेटिक्सचं खेळाडू-पान जन्मतारीख, स्पर्धा, वेळ तपासायला उत्तम. मात्र तेवढ्यावर लेख टिकत नाही. इंग्रजी विकिपीडियाने २०२२ मध्ये नियम कडक केले: नुसता सहभाग पुरेसा नाही, खेळाडूबद्दल सविस्तर लिहिलेला किमान एक स्वतंत्र संदर्भ लेखात हवाच. क्लब, महासंघ, प्रायोजक यांचा मजकूर स्वतंत्र धरला जात नाही. सामन्याच्या वृत्तांतात नाव एका ओळीत आलं असेल, तर तेही फारसं कामाचं नाही.

म्हणून शोध वर्तमानपत्रांत घ्या, आणि तोही खेळाडूच्या स्वतःच्या भाषेत. लोक इथेच कमी पडतात, असं मला वाटतं. नावाची वेगवेगळी स्पेलिंग, लग्नाआधीचं आडनाव, मूळ लिपीतलं नाव, सगळं टाकून बघा. गावाकडच्या छोट्या दैनिकात आलेली पानभर मुलाखत कधीकधी इंग्रजीत कुठेच नसते. अर्थात मुलाखतीत खेळाडू स्वतःबद्दल जे बोलतो ते स्वतंत्र नाही. पत्रकाराने लिहिलेला भाग मोलाचा.

जुन्या ऑलिंपिकचे अधिकृत अहवाल एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत आहेत. विकिपीडियावर तुमची ५०० संपादनं आणि सहा महिने झाले असतील, शिवाय गेल्या महिन्यात दहा संपादनं केली असतील, तर विकिपीडिया लायब्ररीतून सशुल्क वृत्तसंग्रहही फुकट उघडतात.

दुवा मिळाला की लगेच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) जतन करा. क्रीडा बातम्यांची पानं फार लवकर गायब होतात.