कामाचा हिशेब

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

निवडून आल्याच्या तिसऱ्याच दिवशी तू फोनवर विचारलंस, "काका, वॉर्डातून सुरुवात करून माणूस राजभवनापर्यंत पोचतो तरी कसा?" तेव्हा मी विषय बदलला. पोचायची वाट मला सांगता येणार नाही. पोचलेल्या एका माणसाच्या सवयीबद्दल मात्र सांगायचं आहे.

राम नाईक मूळचे सांगली जिल्ह्यातले. बी.कॉम. होऊन मुंबईत आले, महालेखापालांच्या कार्यालयात कारकून झाले, पुढे एका कंपनीत हिशेबाचं काम केलं. 1964 साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला. म्हणजे सुरुवात लोकलच्या गर्दीपासून. 1969 मध्ये नोकरी सोडून जनसंघाचं पूर्णवेळ काम. मग बोरिवलीतून तीनदा आमदार, 1989 पासून उत्तर मुंबईतून ओळीने पाचदा खासदार, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम मंत्री. त्यांच्या पक्षाचं राजकारण तुला पटो न पटो, तो वाद आपण चहावर घालू.

त्यांची सवय अशी की वर्षभरात काय केलं याचा अहवाल छापायचा आणि लोकांच्या हाती द्यायचा. हिशेबनीस माणूस तो. मार्चअखेर ताळेबंद मांडल्याशिवाय चैन पडायची नाही, असं मला नेहमी वाटत आलंय. 2004 मध्ये गोविंदाने त्यांना हरवलं. 2009 मध्ये पुन्हा हार, तीही सहा हजारांहून कमी मतांनी. इतकं काम करून सिनेनटाकडून हरणं काय असतं, ते निवडणूक लढवलेल्यालाच कळेल.

2014 च्या जुलैत ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. आता नीट बघ. राज्यपालाला मतदार नसतो. नेमणूक राष्ट्रपतींची, कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. वर्षभर काय केलंत, असं विचारायला दारात कुणी येत नाही. तरी या माणसाने लखनौच्या राजभवनातूनही दरवर्षी अहवाल काढला, 'राजभवन में राम नाईक' या नावाने. कुणी मागत नसताना हिशेब दिला, याचं मला फार मोल वाटतं. त्या पदाला अधिकार थोडे, पण जे आहेत ते त्यांनी गंजू दिले नाहीत. 2015 मध्ये विधान परिषदेवर नेमायची नऊ नावं सरकारकडून आली, तर त्यांनी चार मान्य केली आणि पाचांबद्दल सरकारला प्रश्न विचारले. त्यावर टीकाही झाली. नुसती सही करून मोकळं होणं केव्हाही सोपं होतं.

हे तुला का लिहितोय, तर मी स्वतः ते केलं नाही म्हणून. माझ्या दुसऱ्या निवडणुकीच्या प्रचारात एका आजींनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. आत जाऊन प्लॅस्टिकची पिशवी आणली. पिशवीत घडीवर फाटत आलेला कागद होता, नळजोडणीचा अर्ज. खाली माझी शिफारस, माझी सही, चार वर्षांपूर्वीची तारीख. आवक क्रमांक नव्हता, पोच नव्हती. मला तो अर्ज आठवतही नव्हता. आजी काही बोलल्या नाहीत, कागद पुन्हा घडी करून ठेवून दिला. त्या कागदाची घडी मला अजून दिसते.

तेव्हा आजच दोनशे पानी रजिस्टर आण. अर्ज आला की त्याच दिवशी नोंद: कुणाचा, कशाचा, आवक क्रमांक, पाठपुराव्याची तारीख. शेवटचा रकाना मोठा ठेव, 'झालं नाही, का?' या प्रश्नासाठी. ठेकेदार, मुख्याधिकारी, निधी, जे कारण असेल ते खरं लिही. तुझा आळस असेल तर तोही.

वर्ष संपलं की त्यातून आठ पानं काढ. फोटो एकच पुरे. आणि राहिलेल्या कामांचं पान मागे ढकलू नकोस, पहिलं छाप. तुझ्या गटातले लोक म्हणतील, विरोधकांच्या हाती कशाला कोलीत देतेस? म्हणू देत.

मसुदा छापायला टाकण्याआधी माझ्याकडे पाठव. मी प्रत्येक नोंद रजिस्टरशी ताडून बघेन, मगच छापखान्यात जाऊ.

तुझा,
काका