हॉर्न स्पीकरच्या खोक्यात काय भरावे?

प्रश्न : आठ इंची फुल-रेंज (खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत सर्व एकट्यानेच वाजवणाऱ्या) स्पीकरसाठी मी घरीच प्लायवुडची, मागच्या बाजूने हॉर्न (कर्ण्यासारखा रुंदावत जाणारा हवेचा मार्ग) असलेली खोकी बनवली आहेत. खर्ज चांगला मिळतो. मात्र निवेदकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो. कापूस, फोम की ग्लासवूल वापरावे? संपूर्ण हॉर्न भरावा का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : संपूर्ण हॉर्न मुळीच भरू नये. आपल्याला त्रास होतो आहे तो हॉर्नचा नव्हे, तर स्पीकरच्या पाठीमागील लहान कप्प्याचा. तेथे मधले सूर भिंतींवर आपटून स्पीकरच्या कागदी पातळ कोनमधूनच (थरथरणाऱ्या पडद्यातूनच) पुन्हा बाहेर येतात. आवाज शोषणारा सच्छिद्र पदार्थ भिंतीपासून त्या सुराच्या पाव तरंगलांबीवर सर्वाधिक काम करतो. १००० हर्ट्झला हे अंतर सुमारे ८.५ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झला ८५ सेंटिमीटर भरते. त्यामुळे कप्प्याच्या भिंतीवरील दोन-तीन सेंटिमीटरचा थर मधल्या-वरच्या सुरांना आवर घालतो आणि खर्जाला फारसा धक्का लावत नाही. परंतु हॉर्नचा लांब मार्गच भरला, तर ज्या खर्जासाठी एवढी सुतारकी केली तोच दबतो.

माझी पसंती मेंढीच्या लोकरीला आहे. जुनी जाड घोंगडी दुहेरी घडी करून लावली तरी चालते, फक्त कसर लागणार नाही याची काळजी घ्यावी. कापूस नाशिकच्या पावसाळ्यात ओल धरतो आणि काही काळाने खाली बसतो. ग्लासवूल आवाज उत्तम शोषते. पण हॉर्नचे तोंड उघडे असल्याने सुटे तंतू खोलीत येऊ शकतात, म्हणून ते पातळ सुती कापडात शिवूनच वापरावे. फोम घेताना तुकडा तोंडाला लावून फुंकून पाहावे : हवा आरपार जात नसेल, तर तो पॅकिंगचा फोम असून येथे निरुपयोगी आहे. (अंड्यांच्या ट्रेचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, तो ऐकून सोडून द्यावा.) डांबरी शीट फळीची थरथर कमी करते, आतल्या हवेतील आवाज शोषत नाही; फळीवर बोटाच्या पेराने टकटक केल्यावर ती घुमत असेल, तरच तिचा किंवा आडव्या पट्टीचा विचार करावा.

आरंभ मॅग्नेटसमोरील मागच्या भिंतीपासून करावा, नंतर एक बाजू झाकावी आणि कप्प्यातून हॉर्नकडे जाणारी अरुंद वाट मोकळी ठेवावी. प्रथम एकाच खोक्यात थर लावून दोन्ही खोक्यांवर आळीपाळीने तेच निवेदन ऐकावे. निवेदन स्वच्छ होऊन तबल्यातील डग्गा मात्र पोकळ वाटू लागला, तर थर जास्त झाला असे समजून थोडा काढावा. यासाठीच तो गोंदाने न चिकटवता स्टेपलच्या पिनांनी बसवावा.