त्यांच्या घोळक्यात मला जागा नाही

प्रिय मावशी,
बाबांची बदली झाली आणि जूनमध्ये आम्ही चिपळूणहून पुण्याला आलो. मी नववीत आहे. वर्गात चार मुलींचा ग्रुप आहे, बालवाडीपासून एकत्र. सगळ्यांना त्यांच्यासारखं व्हायचंय. त्या जी क्लिप लावतात, ती दोन दिवसांत निम्म्या वर्गाच्या केसांत दिसते. मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबतं. माझ्या हेलाची नक्कल करतात, म्हणून मी वर्गात उत्तर द्यायचंच सोडलंय. इथे चित्रकलेच्या परीक्षेलाही नाव दिलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणीच बसत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला डबा खायला बोलावलं. मला इतका आनंद झाला! मग माझ्या बाकावरच्या मुलीबद्दल विचारायला लागल्या आणि मी सांगून टाकलं, की तिची आई दोन घरी पोळ्या करायला जाते. हे तिने मला एकटीला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला ‘पोळीभाजी केंद्र’ म्हणतात. तिने बाक बदलून घेतला. आणि त्यांनी मला पुन्हा बोलावलंच नाही. डबा तसाच घरी नेते. आईला सांगवत नाही, तिलाही इथे कोणी नाही. मी काय केलं म्हणजे त्या मला त्यांच्यात घेतील?
– नववी ब

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोळ्यांची गोष्ट तुला सहज लपवता आली असती. तू ती लिहिलीस, त्यामुळे तुझ्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

आधी तुझ्या दुखण्याबद्दल. ‘एवढंसं काय मनाला लावून घ्यायचं’ असं तुला कोणी म्हटलं, तर ऐकू नकोस. किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ बागेत बसले होते. जवळच दोघे अनोळखी तरुण फ्रिसबी खेळत होते, ती यांच्याकडे आली. यांनी परत फेकली, तसं त्यांनी यांनाही खेळात घेतलं, आणि थोड्या वेळाने काही न बोलता यांच्याकडे फेकणं बंद केलं. ना ओळख ना पाळख, तरी त्यांना ते फार लागलं. त्यातूनच पुढे चेंडूफेकीचा एक संगणकीय खेळ तयार झाला. 2003 साली अमेरिकेत हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. चेंडू आपल्याकडे यायचा थांबला, की शरीराला दुखापत झाल्यावर मेंदूचा जो भाग त्रास नोंदवतो, त्याच भागात हालचाल वाढलेली दिसली. अनोळखी माणसांनी वगळलं तर एवढं होतं, मग रोज सहा तास ज्यांच्यासोबत बसायचं, त्यांनी वगळल्यावर तुझा डबा घशाखाली उतरत नाही यात नवल काय?

आता त्या डब्याच्या दिवसाकडे येऊ. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तू ती ओलांडून पुढे गेली आहेस. त्या दिवशी तुला बोलावलं ते कशासाठी? त्यांना एक बातमी हवी होती आणि ती तुझ्याकडे होती. ती मिळाली, काम झालं. पॅट्रिशिया आणि पीटर ॲडलर या समाजशास्त्रज्ञ जोडप्याने अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये अनेक वर्षं शाळकरी मुलांचे असे घोळके जवळून पाहिले. त्यांना दिसलं ते तुझ्या वर्गात दिसतंय तसंच आहे. मधोमध एखाददुसरं मूल, त्याच्या मर्जीतले दोनचार, आणि कडेला आत यायला आसुसलेली बरीच मुलं. मधोमध असलेलं मूल कधी एखाद्याला जवळ ओढतं, कधी कारण न देता दूर लोटतं, आणि बाहेरच्यांची टर उडवणं हे आतल्यांना एकत्र बांधून ठेवण्याचं साधन असतं. त्यामुळे आत असलेलीही निर्धास्त नसते. आज मर्जीत आहे, उद्याचं काय, ही धास्ती तिच्याही मागे असते. त्या चौघींतली कोण कोणाला बिचकून असते, कोणाच्या तोंडाकडे बघून मग हसते, हे एक आठवडा नुसतं लक्ष देऊन बघ.

त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुली आहेत, त्यांनाही कोणीतरी सांगायला हवं. पण तू विचारलंस, काय केलं म्हणजे त्या मला घेतील. उत्तर तुला मिळालेलं आहे. आत यायचं तर कोणाची तरी गोष्ट आणून द्यायची. एकदा दिलीस, पुढच्या वेळी आणखी कोणाची तरी द्यावी लागेल. हे तुला परवडणारं नाही. तुला ते जमतही नाही, जमत असतं तर मला पत्र लिहिलंच नसतंस.

आणि एक. सगळ्यांना माहीत असलेली मुलगी आणि सगळ्यांना आवडणारी मुलगी, या दोघी बऱ्याचदा वेगळ्या असतात. तुझ्याच वर्गाचा विचार कर. आजारी पडलीस तर वही कोणाकडे मागशील? रडू आलं तर कोणाजवळ जाशील? त्या चौघींपैकी एकीचं तरी नाव येतं का? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोसेफ ॲलन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 184 मुलामुलींना तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत वेळोवेळी गाठून त्यांची चौकशी केली. तेराव्या वर्षी मोठ्यांसारखं वागून दाखवण्यात आणि देखण्या मुलामुलींच्या गोतावळ्यात राहण्यात जी पुढे होती, त्यांचा भाव एकदोन वर्षांतच उतरला होता, आणि विशीत नाती टिकवताना त्यांना जास्त अडचणी येत होत्या. प्रत्येकाचं असं झालं असं नाही, आणि कोणाचं वाईट होईल म्हणून तू बरं मानावंस यासाठी हे सांगत नाही. ज्या दारात तू उभी आहेस त्याच्या आत तुला वाटतंय तेवढं काही नाही, एवढंच मला सांगायचंय.

तुला हवी होती ती मैत्री तुझ्या बाकावरच होती. आपली आई लोकांकडे पोळ्या करते, हे सांगायला त्या मुलीला किती धीर एकवटावा लागला असेल! आलेल्या महिना-दीड महिन्यात एखादीने आपल्यावर इतका विश्वास टाकावा, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून पहिलं काम हे. तिची माफी माग. व्हॉट्सॲपवर नाही, कोणासमोर नाही. शाळा सुटल्यावर तिला गाठ आणि सरळ सांग, ‘तू मला विश्वासाने सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. माझं चुकलं. मला त्यांच्यात जायचं होतं म्हणून मी तसं केलं.’ ‘त्यांनी विचारलं म्हणून’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नकोस, आणि ‘पण मला तसं म्हणायचं नव्हतं’ हेही नको. तिला राग आला तर ऐकून घे. ती काहीच न बोलता निघून गेली, तरी मागे लागू नकोस. माफ करायचं की नाही आणि कधी, हे ती ठरवेल.

दुसरं काम अवघड आहे. पुन्हा कोणी ते नाव घेतलं, की त्याच क्षणी म्हण, ‘तिला तसं म्हणू नका.’ एवढंच वाक्य. भांडण नको, भाषण नको. कदाचित तुझा आवाज कापेल. कापू दे. तरीही ते चालूच राहिलं, तर वर्गशिक्षिकेला सांग, किंवा शाळेतल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाक. ही चहाडी नाही. कोणाशी मैत्री करायची हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यासाठी शिक्षकांकडे जाता येत नाही. पण कोणाच्या आईच्या कष्टावरून नाव ठेवणं हा छळ आहे आणि तो थांबवणं शाळेचं काम आहे. तुझ्या बोलण्याची नक्कल होते तीही सांग. हेल मात्र बदलू नकोस. तू नेहमी बोलतेस तशीच हात वर करून उत्तर दे. नक्कल करणाऱ्याला आठ दिवसांत कंटाळा येतो, गप्प राहायची सवय मात्र लवकर सुटत नाही.

आता मैत्रीचं. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकी संशोधकाने हिशेब मांडला होता. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, आणि जिवाभावाच्या मैत्रीला 200 तासांहून जास्त. तुझी मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली, तर आठवड्याला झाले तीन तास. म्हणजे नुसत्या डब्यावर साधी मैत्री व्हायलाही चार महिने जातील! तू येऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. ज्यांनी बालवाडीपासून हजारो तास एकत्र काढलेत, त्यांच्याशी तू स्वतःची बरोबरी करतेयस. तेव्हा तास वाढतील अशा जागा शोध. शाळेत जाता-येता कोणाची वाट तुझ्याच वाटेने आहे? गाईडमध्ये, खो-खोच्या संघात, वाचनालयात कोण असतं? एकीशी सूर जुळला तरी पुरे. चौघी लागत नाहीत.

आईला तू सांगत नाहीस, कारण तिला त्रास होईल. अगं, रोज परत येणारा भरलेला डबा ती पाहते ना? कारण माहीत नसताना तिच्या मनात काय काय येत असेल! ती एकटी पडली आहे आणि तूही. दोघींनी एकमेकींपासून ते लपवण्यात काय अर्थ आहे? आज जेवणं झाली की तिच्याजवळ बस आणि पोळ्यांच्या गोष्टीसकट सगळं सांग. ती एखादवेळेस रागावेल, मग जवळ घेईल. जेवण असंच सुटत राहिलं, झोप उडाली किंवा शाळेचं नाव काढताच छातीत धडधडायला लागलं, तर आईबाबांसोबत डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री फारच कोंडल्यासारखं झालं आणि घरात कोणाशी बोलवेना, तर 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा 14416 (मनाच्या त्रासासाठीची ‘टेलि-मानस’) लाव. दोन्ही क्रमांक सरकारी आहेत, पैसे लागत नाहीत.

आणि ती चित्रकलेची परीक्षा. चिपळूणला एलिमेंटरी दिली असशील तर यंदा इंटरमिजिएट दे, नसेल तर एलिमेंटरी. परीक्षेआधी शाळेत जादा तास होतात, तिथे अ, ब, क सगळ्या तुकड्यांची मुलं एकत्र बसतात. रंग संपला की शेजारच्याकडे मागावाच लागतो, बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. फॉर्म भरायची मुदत उरली आहे का, हे चित्रकलेच्या सरांना उद्याच विचार.

तुझी,
मावशी