क्रीम लावलं आणि लाल झालं, आता काय?

सातपूरहून एक दादा: वडिलांच्या पाठीवर वरवरचा बेसल सेल कॅन्सर (त्वचेचा कॅन्सर) निघाला, इमिक्विमोड क्रीम दिलंय. दोन आठवड्यांत तिथं लालभडक होऊन खपली धरलीय. बंद करू का?

दादा, मनानं बंद करू नका. हे क्रीम कॅन्सरला स्वतः जाळत नाही. लॅबमध्ये बनवलेला छोटासा रेणू आहे, तो आपल्या इम्यून पेशींमधलं टीएलआर ७ नावाचं रिसेप्टर चालू करतो, जे खरं तर व्हायरस ओळखायला असतं. म्हणजे व्हायरस नसतानाच पेशींना वाटतं आला, मग इंटरफेरॉन नावाचं धोक्याची घंटा वाजवणारं प्रोटीन सुटतं, बाकीच्या पेशी धावत येतात आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशी मारल्या जातात. लाली त्याचीच. अमेरिकेत २००४ पासून या कॅन्सरसाठी मान्यता आहे, कोर्स सहसा आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. पण जखम ओली झाली, पू आला, ताप भरला तर लगेच दाखवा, डॉक्टर कधीकधी थोडे दिवस सुट्टी देतात. आणि लवकर बरं व्हावं म्हणून थापून लावू नका, हे सांगावंच लागतं.

पंचवटीतल्या एक ताई: मग असंच औषध शिरेतून देऊन पोटातला कॅन्सर का नाही घालवत?

प्रयत्न चालूच आहेत ताई. पण अख्ख्या अंगात अशी खळबळ उडाली तर पेशंटलाच झेपत नाही. शिवाय डीएमएक्सएए नावाचं एक औषध उंदरांच्या गाठी मस्त विरघळवायचं, माणसांच्या लंग कॅन्सरच्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र आपटलं. नंतर कळलं की ते इम्यून पेशींना जागं करणाऱ्या स्टिंग नावाच्या प्रोटीनला चिकटतं, पण उंदराच्याच, माणसाच्या नाही! तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'उंदरांमधला कॅन्सर गायब' आलं की मी आधी माणसांचं काय झालं ते शोधतो. आता अशी औषधं थेट गाठीत टोचूनही बघतायत, बरीचशी अजून ट्रायलमध्येच.

सिडकोतून: आईला मायलोमासाठी (बोन मॅरोमधला रक्ताचा कॅन्सर) लेनालिडोमाइड चालू आहे. हे थॅलिडोमाइडचंच भावंड ना? भीती वाटते.

हो, त्याच घराण्यातलं. मायलोमाच्या पेशी मारतं, टी पेशी आणि एनके पेशी या इम्यून पेशींनाही जागं करतं. धोका पोटातल्या बाळाला, त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल तर तिनं कॅप्सूलला हात लावू नये, आणि कॅप्सूल फोडायची तर कुणीच नाही. आईच्या बाबतीत मला रक्ताच्या गुठळीची काळजी जास्त, एकाच पायाला सूज किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट बघू नका.

देवळाली कॅम्पहून: ट्रीटमेंटसोबत इम्युनिटी बूस्टर पावडर चालेल?

नको. अशा पावडरींत बऱ्याचदा गुळवेल असते, आणि गुळवेलीनं लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईत नोंदल्या गेल्यात. सुरू केलीच असेल तर डबा घेऊन ओपीडीला जा, डॉक्टर रागावले तरी चालतील.